खावाले दिन्हं तवय बोलना

मी पोलीस प्रशिक्षण केंद्रात विधी निदेशक आहे. सकाळी बाह्यवर्गात, म्हणजे मैदानावर, कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी घामाघूम केलेल्या पोरापोरींना दुपारी कायदा शिकवायचा, ही माझी नोकरी. खानदेशातला मे महिना, पत्र्याचं छत, घरघरणारे कूलर आणि समोर भारतीय साक्ष्य अधिनियम. कोणाचे डोळे उघडे राहतील? पुढच्या आठवड्यात कलम २३ घ्यायचं होतं, म्हणजे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब. त्याची तयारी म्हणून एका शनिवारी वरिष्ठांची परवानगी काढून प्रोजेक्टरवर ‘झीरो डार्क थर्टी’ लावला.

२०१२ चा हा सिनेमा, दिग्दर्शन कॅथरिन बिगेलोचं. ओसामा बिन लादेनचा सुमारे दहा वर्षं चाललेला शोध आणि २ मे २०११ च्या पहाटेआधी पाकिस्तानातल्या अबोटाबादच्या घरावर पडलेला छापा. मध्यभागी माया नावाची सीआयएची अधिकारी. लांबी अडीच तासांहून जास्त, संवाद इंग्रजी. त्यामुळे मी अधूनमधून थांबवून मराठीत सांगत होतो.

सुरुवातीला पडदा काळाच असतो. ११ सप्टेंबरला मदतीसाठी फोन करणाऱ्या माणसांचे नुसते आवाज ऐकू येतात. हॉल चिडीचूप. त्यानंतर लगेच एक कैदी, दोरांनी बांधलेले हात, मार, तोंडावर फडकं टाकून ओतलेलं पाणी. मागच्या रांगेतून टाळी पडली. मग आणखी चार-सहा. कोणीतरी शिट्टीही मारली. मागे बसलेले उस्ताद ताडकन उठले, मी हातानेच त्यांना बसायची खूण केली. ओरडून गप्प बसवलं असतं तर ही पोरं खरं काय वाटतं ते पुढे बोललीच नसती.

आणि बोलली, भरपूर. एका फोन नंबरच्या बदल्यात कुवेतच्या एका माणसाला लॅम्बोर्गिनी घेऊन देतात, तो प्रसंग आला तेव्हा हॉल फुटला. ‘आपल्या खबऱ्याला चहा-पोह्यांचे पैसे पण साहेबाच्या खिशातून!’ घर सापडल्यावर वॉशिंग्टनकडून निर्णय येत नाही, तेव्हा माया वरिष्ठाच्या केबिनच्या काचेवर रोज लाल मार्करने उलटलेल्या दिवसांचा आकडा लिहिते. त्यावर एकाचं मत पडलं, ‘आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी मुख्यालयात जमा.’ त्या घरात फोन नाही, इंटरनेट नाही, कचराही आवारातच जाळतात, हे मी समजावत होतो तेवढ्यात चाळीसगावकडची एक मुलगी पटकन म्हणाली, ‘म्हणजे घंटागाडीवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.’ हसू आलं, पण बोललेलं चुकीचं नव्हतं. बीटवरच्या अंमलदाराची नजर अशीच असायला हवी.

उस्तादांना आवडलं ते पाठलागाचं काम. स्थानिक गुन्हे शाखेत त्यांची बरीच वर्षं गेली आहेत. गर्दीच्या बाजारात गाडीतून फिरत मोबाइलचा सिग्नल धरायचा, तो मिळेपर्यंत समोरच्याचा फोन बंद. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. पोरं जांभया देत होती आणि हा माणूस खुर्चीच्या टोकावर. ‘टॉवर सांगतो तो इथं आहे. इथं म्हणजे कुठं? अर्धा बाजार इथंच असतो,’ असं ते शेजारच्याला म्हणाले. पाकिस्तानातली म्हणून दाखवलेली काही दृश्यं चंडीगडमध्ये घेतली आहेत, हे सांगितल्यावर मात्र ते थोडे हिरमुसले.

सिनेमा संपला. छाप्यावर सगळे खूश, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रात्री दिसणारे चष्मे आणि कोसळलेलं हेलिकॉप्टर कोणालाही आवडतं. मी विचारलं, ‘बिन लादेनपर्यंत नेणाऱ्या निरोप्याचं नाव कसं मिळालं?’

‘मारून,’ शिरपूरकडचा एक मुलगा म्हणाला. टाळी वाजवणारा तोच असावा. अर्ध्या हॉलने माना डोलावल्या.

तेव्हा पुढच्या रांगेतला साक्रीकडचा एक शांत मुलगा, तोंडातून शब्द काढायला महाग, तो उभा राहिला आणि घाईत अहिराणीतच बोलून गेला, ‘सर, मारं तवय कोठे बोलना तो? खावाले दिन्हं तवय बोलना.’

हॉल हसला, पण मी फिल्म मागे घेतली. त्याचं बरोबर होतं. पेटीत कोंबून हल्ल्याचा दिवस विचारतात तेव्हा तो कैदी वाटेल तो वार सांगतो, आणि हल्ला होऊनही जातो. पुढे त्याला उन्हात बाहेर बसवतात, समोर जेवण ठेवतात आणि थाप मारतात की तू आधीच सगळं सांगितलं आहेस, झोप नसल्यामुळे तुला आठवत नाही. खाता खाता तो नावं सांगतो. त्यात अबू अहमद हे निरोप्याचं नाव असतं.

शिरपूरवाला ऐकेना. ‘आधी जागवलं, मारलं म्हणून तर थाप पचली, सर. भरल्या पोटी आणि झोपून उठलेला माणूस फसला असता का?’ मुद्दा बिनतोड होता, आणि सिनेमाची मांडणी बघता तो काढणारा हा काही पहिला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फाइनस्टाइन, लेव्हिन आणि मॅकेन या तीन सिनेटरांनी सोनी पिक्चर्स या वितरक कंपनीला पत्र लिहून याच मांडणीला दिशाभूल करणारी म्हटलं होतं. यातले मॅकेन स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी म्हणून छळ सोसलेले. २०१४ मध्ये सिनेटच्या गुप्तचर समितीच्या अहवालाचा सारांश बाहेर आला. त्यात म्हटलं आहे की ज्या कैद्याने या निरोप्याबद्दल सर्वांत नेमकी माहिती दिली, त्याने ती छळाचे प्रकार सुरू होण्याआधीच दिली होती. सीआयएने हे मान्य केलं नाही. दाखवणं म्हणजे पाठिंबा देणं नव्हे, असं बिगेलोचं म्हणणं. ते मला पटतं, पण मागच्या रांगेतली ती टाळी ऐकल्यावर पूर्वीइतकं नाही.

वाद इथेच फिरत राहिला असता. पण धडगावची एक मुलगी हात वर करून कधीची थांबली होती. भरतीआधी ती एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात रोजंदारीवर होती. ती म्हणाली, ‘सर, त्याचं खरं नाव तर आधीपासून फायलीत होतं ना? दुसऱ्या देशाने पाठवलेलं. कोणी बघितलंच नाही.’

मला तो प्रसंग आठवावा लागला. अबू अहमद मेला असं सगळे धरून बसलेले असतात. मग एक कनिष्ठ सहकारी मायाकडे जुना कागद घेऊन येते. निरोप्याचं खरं नाव कित्येक वर्षांपूर्वीच कळवलेलं, ११ सप्टेंबरनंतर आलेल्या कागदांच्या ढिगात दबून गेलेलं. त्यावरून माया ताडते की मेला तो त्याचा भाऊ. सिनेमात हे मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं, आणि कागद शोधणारी पोरगी पुन्हा फारशी दिसतही नाही. मी हा सिनेमा आधी पाहिलेला, त्यावर झालेली चर्चा वाचलेली. मारहाण योग्य की अयोग्य यावर रकाने भरलेले, या फायलीवर क्वचित कोणी थांबलेलं.

‘आमच्याकडे पण असंच,’ ती पुढे म्हणाली, ‘गठ्ठ्यावर सालच नसतं लिहिलेलं.’

मग मी फळ्याकडे वळलो. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. कोठडीत त्याने सांगितलं आणि त्यावरून एखादी वस्तू मिळाली, तर तेवढाच भाग चालतो, त्यासाठी निवेदन पंचनामा आणि पंच हवेत. कबुली काढण्यासाठी मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२०, सात वर्षांपर्यंत शिक्षा, मोठी दुखापत झाली तर दहा. ‘ही शिक्षा कोणाला, सर?’ एकाने विचारलं. ‘मारणाऱ्याला. म्हणजे तुम्हाला,’ मी म्हणालो. कूलरचा आवाज पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला.

शिरपूरवाल्याला पटलं असं मला वाटत नाही. मेसमध्ये शेवभाजीच्या ताटावर त्याचं आणि साक्रीवाल्याचं पुन्हा जुंपलं होतं, आणि आता उस्तादही त्यात उतरले होते, साक्रीवाल्याच्या बाजूने. ‘दोन दिवस मारून घेतलेल्या नावामागे मी अख्खा तालुका फिरलोय,’ ते सांगत होते. ‘तो माणूस चार वर्षांपूर्वीच वारलेला निघाला.’

पुढच्या तुकडीला मी हा सिनेमा दाखवणार आहे, पण जेवणाच्या प्रसंगाशी थांबवून. आधी प्रत्येकाने लिहून द्यायचं, कैद्याने काय सांगितलं, कधी सांगितलं आणि त्यातलं काय खरं निघालं. छापा नंतर. धडगावच्या मुलीला मी ग्रंथालयातले जुने निकालपत्रांचे गठ्ठे साल घालून लावायला दिले आहेत. सुटीच्या दिवशीही ती तिथेच असते, आणि दर वेळी तक्रार एकच, गाठी फार घट्ट बांधतात सर, कात्री द्या.