एकटीनं उचललं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून

मागच्या अंगणात मी बांधलेला सहा खांबांचा गझिबो, म्हणजे चारी बाजूंनी उघडा, छपराचा मांडव, बघितला की येणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, एवढे ओंडके तू एकटीनं उचललेस कसे? इतक्या वेळा विचारून झालंय की म्हटलं आता एकदा नीट लिहूनच टाकते.

तर, उचललेच नाहीत. म्हणजे बघा, खांब ८ फुटी, ५ इंच जाडीचा, ओला असताना तीसेक किलो भरतो पण तुम्ही एक टोक धरून उभा करायला लागलात की दुसरं टोक जमिनीवरच असतं, त्यामुळे हातात निम्मंच वजन येतं आणि जसजसा तो उभा होतो तसतसं तेही कमी होत जातं. वरच्या आडव्या तुळया ५ फुटी आणि बारीक, एकेक दहा-बारा किलोची. त्या चढवायला खांबाच्या डोक्याला दोरीचा फास बांधायचा, एक टोक त्यात अडकवायचं, मग निवांत दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरं टोक वर ठेवायचं. दुसरा माणूस म्हणजे बऱ्याचदा नुसती एक दोरी, एक खिळा नाहीतर एक तिरका टेकू असतो, हे मला पहिल्या दोन रविवारांतच कळलं. असे एकूण १४ रविवार गेले, त्यातले उचलण्यात जेमतेम दोन.

मग बाकीचे बारा कशात गेले? वाकड्या लाकडात!

लोकांना वाटतं ओबडधोबड, गावरान दिसणारं काही बांधायचं म्हणजे सोपं, कसंही ठोकलं तरी चालतं. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणूनच तर तासलेलं चौरस लाकूड न घेता गोल वासे घेतले. घोळ असा की चौरस लाकडाला सरळ बाजू असते, तिच्यावर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावता येतो, लेव्हल (बुडबुड्याची नळी असलेली पट्टी) ठेवता येते, गोल वाशाला बाजूच नाही. बुडाशी जाड, शेंड्याला बारीक आणि मध्ये कुठेतरी पोट आलेलं. लेव्हल टेकवली की बुडबुडा सांगतो खांब कलला, पण कललेला खांब नसतो, खांब निमुळता असतो म्हणून त्याची कड कललेली असते. एक अख्खी दुपार मी याच्यात घालवलीय, खांब इकडे ढकल, तिकडे ढकल, आणि शेवटी तो खरंच वाकडा उभा राहिला.

उपाय जुनाच आहे, ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. वरच्या तोंडाचा मध्य काढून तिथून ओळंबा सोडायचा, खालच्या तोंडाचा मध्य काढायचा, आणि बाहेरची साल-बिल, पोट-बिट विसरून फक्त हे दोन मध्यबिंदू एकाखाली एक आले का तेवढंच बघायचं. तेही एकाच बाजूनं बघून चालत नाही, समोरून बघितलं की काटकोनात फिरून शेजारून परत बघायचं. सगळी मापं त्या न दिसणाऱ्या मधल्या रेषेपासून. हे एकदा डोक्यात बसलं की गोल लाकूड वश होतं, नाहीतर नाही.

पाया सांगते पटकन. जमिनीत एक खुंटी ठोकली, तिला ५ फुटांची दोरी, गोल फिरवून वर्तुळ काढलं. मग तीच ५ फुटांची दोरी वर्तुळावर टप्प्याटप्प्यानं टाकत गेले, बरोबर सहा टप्प्यांत पहिल्या खुणेवर परत येते कारण षटकोनाची बाजू आणि त्रिज्या सारखीच असते. शाळेत हे कंपासनं केलेलं असतं तेव्हा याचा कधी उपयोग होईल असं वाटत नाही. आत जागा साधारण ६५ चौरस फूट मिळते, चार-पाच माणसं पाय पसरून बसतात. सहा खुणांवर दीड-दीड फुटाचे खड्डे, त्यात काँक्रीट, आणि काँक्रीटमधून मधोमध एक सळी वर काढलेली. (खणायच्या आधी पाण्याचा पाइप आणि वायर कुठून जाते ते शोधा. मी शोधलं होतं, म्हणूनच इतक्या शांतपणे लिहितेय.)

खांब सरळ मातीत का नाही पुरले, हाही प्रश्न असतोच. लाकूड सगळ्यात आधी कुजतं ते जमिनीच्या रेषेला, खोल आत नाही आणि वर उघड्यावरही नाही, कारण कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात आणि त्या रेषेवर दोन्ही मिळतात. काँक्रीटमध्ये गच्च बसवला तर आणखी वाईट, पाणी आत जातं आणि तिथेच मुरतं. शिवाय कापलेलं तोंड पाणी फार ओढतं, झाडाच्या नळ्याच त्या, उभं असताना हेच काम करत होत्या. म्हणून खांबाच्या बुडाला भोक पाडलं, सळीत बसवला आणि खाली लोखंडी चकती ठेवून एक इंच मोकळी जागा सोडली. सळीवर चढवताना मात्र खांबाला मिठी मारून तीन-चार इंच खरोखर उचलावा लागतो. ते सहा वेळा केलं. तोपर्यंत लाकूड वाळून हलकं झालं होतं हे नशीब.

वाळण्यावरून आठवलं. साल ताज्या लाकडाची काढा, पट्ट्याच्या पट्ट्या निघतात, वाळल्यावर तीच साल काढायला निम्मा जन्म जातो. ठेवली तर छान दिसते खरी, पण तिच्याखाली ओल धरते आणि भुंगे घरं करतात. आणि गोल लाकूड वाळताना फाटतंच, काही लावा, ते गोलाईच्या दिशेनं जास्त आकसतं आणि गाभ्याच्या दिशेनं साधारण निम्मंच, मग कुठेतरी उकलणारच. मी काय केलं, ज्या बाजूला कुणाचं लक्ष जाणार नाही तिथे करवतीनं गाभ्यापर्यंत एक लांब उभी चीर देऊन ठेवली, की बाबा तुला फाटायचंय ना, इथे फाट. सहापैकी पाचांनी ऐकलं.

आता डोळ्यांची गोष्ट. सहा खांब उभे, तिरके टेकू लावलेले, ओळंब्यानं सगळे दोन्ही बाजूंनी तपासलेले, मी खूश. मुलगा मागच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, तो तिसरा पडतोय." मी म्हटलं, पडत नाहीये, मोजलाय. तो म्हणाला, "मोजला असशील, पण पडतोय." लांब जाऊन बघितलं तर खरंच पडल्यासारखा दिसत होता, त्याचं पोट नेमकं दाराच्या बाजूनं डावीकडे आलं होतं. ओळंबा खोटं बोलत नव्हता आणि मुलगाही नाही. एकटीनं काम करताना मला हात कधी कमी पडले नाहीत, कमी पडले ते लांब उभे राहिलेले डोळे. खांब सळीवर असल्यामुळे नुसता पाव फेरा फिरवला, पोट दाराकडे तोंड करून आलं आणि खांब सरळ झाला, म्हणजे दिसायला लागला. नशीब तोवर वरच्या खाचा पाडल्या नव्हत्या. त्यानंतर प्रत्येक टप्प्याला फोन स्टूलवर ठेवून लांबून फोटो काढायचे आणि रात्री बघायचे, ही सवय लागली.

सळीवर उभे केलेले खांब म्हणजे बिजागरीवर उभे केलेले खांब हेही लक्षात ठेवा. वरच्या तुळया बसल्यावर मी एका खांबाला हात लावला तर सगळा सांगाडा डुलला. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात दीड-दोन फुटाचे तिरके टेकू बसवले, वाकड्या फांद्यांचेच, आणि दुसऱ्या जोडीनंतर डुलणं बंद. लोक हे टेकू शोभेचे समजतात.

छप्पर ५ फुटांना अडीच फूट चढ असं धरलं. मधोमध एक सहा बाजूंचा ठोकळा तात्पुरत्या टेकूवर उभा केला आणि वासे समोरासमोरच्या जोडीनं लावले, पहिला आणि चौथा, म्हणजे ते एकमेकांना रेटून धरतात, ओळीनं लावत गेलात तर ठोकळा एका बाजूला सरकणार. सगळे वासे मिळून खांबांना बाहेर ढकलतात, त्यांना धरून ठेवतं ते तुळयांचं कडं, म्हणून तिथे खिळे नाहीत, बोल्ट. आणि उघड्या बाजूंचं छप्पर वारा खालून शिरून उचलतो, त्यामुळे वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब सळीला अशी वरपासून खालपर्यंत बांधलेली साखळी हवी, वजनानं बसलंय यावर विसंबू नका. फळ्यांबद्दल एवढंच की खालून वर लावत या आणि त्रिकोणी पाखं असल्यामुळे वाया जाणारं लाकूड धरूनच फळ्या घ्या.

आणि पाचव्या खांबावरची ती फट. सगळे तिथे बोट घालून बघतात म्हणून सांगते. गोल तुळई गोल खांबावर नुसती ठेवली तर एका बिंदूवर टेकते, म्हणून तुळई तात्पुरती वर ठेवून कंपासच्या एका टोकानं खालची गोलाई चाचपत दुसऱ्या टोकाच्या पेन्सिलनं ती तुळईवर उतरवायची आणि मग पटाशीनं खाच पाडायची. पाचव्या खांबाला कंपासचा स्क्रू मध्येच सैल झाला, मला कळलंच नाही, खाच दोन बोटं मोठी पडली. दुसरी तुळई शिल्लक नव्हती. पाचर मारली तिथे. कोरड्या दिवसांत लाकूड आकसतं आणि पाचर सैल होते, मग हातोडीचे दोन ठोके देते, वर्षातून एकदा.