चेंबर सोसायटीचं, कपाट माझं

तळमजल्यावर राहणाऱ्याला वरच्या मजल्यांचा हेवा दोनदा वाटतो: मुसळधार पावसात आणि ड्रेनेज तुंबल्यावर. गेल्या जुलैत डोंबिवलीत आमच्याकडे दोन्ही एकाच दुपारी आलं.

मी घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-बीडिंग, थोडं आल्टरेशन. मशीनवर असतानाच मोरीतून गुळगुळ आवाज यायला लागला. जाळीतून आधी बुडबुडे, मग करडं पाणी, आणि मग जे आलं ते लिहीत नाही. ग्रुपवर मेसेज टाकला की कुणी फ्लश करू नका, नळ सोडू नका. पण वर कुणाची तरी वॉशिंग मशीन चालूच होती. तिचा फेस, चांगला सुगंधी, त्या घाणीवर तरंगत आमच्या हॉलपर्यंत आला. प्लायवूडचं कपाट, दिवाणाखालची अंथरुणं, मशीनची मोटर आणि गिऱ्हाइकांच्या कापडांची खालची पिशवी, सगळं भिजलं.

आता मुद्द्याचं. घर पुसायच्या आधी मी प्लंबरला बोलावलं आणि सेक्रेटरीकाकांना हाताला धरून ड्रेनेजच्या चेंबरपाशी, म्हणजे पाइप तपासायच्या झाकणवाल्या हौदापाशी, उभं केलं. आमच्या कंपाउंडमधली झाकणं त्यांच्यासमोर एकामागून एक उघडली. माझ्या बाथरूमबाहेरचं चेंबर काठोकाठ भरलेलं. गेटजवळचं शेवटचं, जिथून लाइन रस्त्याखालच्या महापालिकेच्या गटाराला मिळते, ते जवळजवळ कोरडं. शेवटचं चेंबरही भरलेलं असतं, तर चोकअप बाहेर आहे, महापालिकेकडे जा, असं म्हणता आलं असतं. ते कोरडं आणि अलीकडचं भरलेलं, म्हणजे बोळा या दोघांच्या मधे, सोसायटीच्या लाइनमध्ये. मोबाइलवर व्हिडिओ काढला, त्यात काकांचे पायही आलेत. पुढे त्या व्हिडिओने जे काम केलं ते माझ्या चार पानी अर्जाने केलं नाही.

माणूस आत उतरवायचा नाही, हे मी तिथेच बजावलं. ‘पाचशे रुपयांत होतं’ म्हणणारे एक काका होतेच. 2013 च्या कायद्याने गटारात असा माणूस उतरवायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी उतरवू दिला नसता. जेटिंगची गाडी मागवली, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाइप मोकळा करणारी. बाहेर आला तो डायपर, सॅनिटरी पॅड आणि ओल्या वाइप्सचा गोळा, तुपकट चिकट्याने सांधलेला. कुठल्या मजल्याचा, हे शोधण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांचा एकच पाइप.

दुरुस्तीवर वाद झालाच नाही. आमच्याकडे 2014 चे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम, आहेत. त्यातल्या 159 प्रमाणे ड्रेनेज लाइन, सेप्टिक टँक, बाहेरच्या सामाईक पाइपची गळती हा सोसायटीचा खर्च. घरातल्या संडास-सिंकची गळती असेल तर ती ज्याची त्याची. जेटिंगचं बिल निमूट भरलं गेलं. खरी गंमत पुढे झाली. कपाटाचे पैसे मागितल्यावर खजिनदार वहिनी म्हणाल्या, ‘पण हे टाकायचं कुठल्या खात्यात?’

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. उपविधीत दुरुस्ती निधी आहे, सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम, आहे. सामाईक लाइन तुंबून सभासदाची गादी भिजली तर काय, याचा शब्द नाही. सोसायटीचा विमा इमारतीचा, माझ्या कपाटाचा नाही. लोक इथेच थकतात. पाइप दुरुस्त झाला, आता गप्प बसा, असा एक मूड तयार होतो, आणि तो बहुतेक वेळा चहा पाजून तयार केला जातो.

मी दोन वेगळे कागद केले. एकावर घरचं सामान: काय, कधी घेतलं, बिल असेल तर बिल, दुरुस्तीचं कोटेशन, फोटो. दुसऱ्यावर शिवणाचं: मोटर, अस्तरं, गिऱ्हाइकांची कापडं आणि एका पैठणीचं ड्रायक्लीनिंग. कमिटीत कुणीतरी ‘घरात धंदा करता, त्याचं नुकसान सोसायटी का देईल’ म्हणणार, हे मला ठाऊक होतं. म्हणाले. मग निदान पहिला कागद त्या भांडणात ओढला गेला नाही. घसाऱ्याचा मुद्दा मात्र मी मान्य केला. आठ वर्षांच्या कपाटाला नव्याची किंमत मागणं बरं दिसत नाही.

अर्ज दोन प्रतींत, पोचेचा शिक्का घेऊन दिला. त्यात एवढंच लिहिलं की लाइन सामाईक आहे, तिची देखभाल सोसायटीची आहे, आणि हेच चेंबर तुंबत असल्याची तक्रार मार्चमध्ये ग्रुपवर झाली होती. तो स्क्रीनशॉट जोडला. नुसतं तुंबणं हा अपघात म्हणता येतो. सांगूनही साफ न करणं हा हलगर्जीपणा.

भाचीने, ती वकिली करते, रस्ते सांगितले होते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय, किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. तिने एक गोष्ट मात्र खडसावून सांगितली: मेंटेनन्स थांबवू नकोस. ‘माझे पैसे तुमच्याकडेच आहेत, वळते करा’ असं म्हणून बिल अडवलं की आपणच थकबाकीदार होतो, आणि त्याच कायद्याच्या कलम 154ब-29 खाली वसुली आपल्यावरच येते. मी दर महिन्याला बिल भरत राहिले, त्यावर ‘हक्क राखून’ असं लिहून.

प्रकरण सप्टेंबरच्या वार्षिक सभेत गेलं. दीड तास पार्किंगवर, माझ्यावर वीस मिनिटं. व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला तेव्हा समोसे आले होते, तो योग काही मी जुळवला नव्हता. पहिल्या कागदातले 27,000 रुपये मंजूर झाले, देखभाल खर्चातून, रीतसर ठरावाने. दुसऱ्या कागदातली फक्त मोटर. पैठणीचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. त्या बाई माझ्या भरवशावर साडी ठेवून गेल्या होत्या, सोसायटीच्या नाही.

याच सभेत दर मे महिन्यात जेटिंग करायचं ठरलं. मी माझ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवून घेतला. प्लंबरने बजावलंय की तो अधूनमधून उघडून साफ केला नाही तर फडका अडकून झडप उघडीच राहते, मग असून नसून सारखाच.

चौथ्या मजल्यावरच्या मावशी अजून बोलत नाहीत. वॉशिंग मशीन त्यांची होती असं मी कुठेही म्हटलेलं नाही, पण फेसाचा वास सभेत मी जरा सविस्तर सांगितला. त्यांचे ब्लाउज हल्ली स्टेशनजवळच्या टेलरकडे जातात.