पंख्यापासून मागे मोजत : जुन्या यॉटसाठी नवी इंजिने

सिंगापूरमधील माझ्या एका मित्राकडे ग्रँड बँक्स ४२ जातीची, १९७८ साली तिथेच बांधलेली मोटर यॉट आहे. तिच्यात फोर्ड लेहमनची १२० अश्वशक्तीची दोन इंजिने होती. ब्रिटिश फोर्डने मुळात ट्रक आणि शेतीच्या यंत्रांसाठी बनवलेले ६.२ लिटरचे, सहा सिलिंडरचे हे इंजिन अमेरिकेत लेहमन कंपनीने समुद्रासाठी घडवले, आणि त्याच्या जोरावर अशा शेकडो बोटी आजही चालतात. मागच्या वर्षी डाव्या इंजिनाचा एक्झॉस्टचा बाक, म्हणजे धुरात थंड करणारे खारे पाणी मिसळते ती वाकडी नळी, आतून गंजून फुटला, खारे पाणी सिलिंडरमध्ये शिरले, आणि ते लक्षात येईपर्यंत तीन आठवडे उलटून गेले. जहाजांच्या इंजिन रूममध्ये माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, म्हणून मित्राने सल्ला विचारला.

माझे पहिले मत दुरुस्तीच्या बाजूने होते. या इंजिनाचे बहुतेक सुटे भाग आजही मिळतात, आणि त्यातील प्रत्येक गोष्ट पाना आणि फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पात्या) हाताशी असलेल्या माणसाला समजते. परंतु डाव्या इंजिनाचा ब्लॉकच वाचण्यासारखा उरला नव्हता आणि उजवे इंजिनही त्याच वयाचे होते. जोडीतील एक इंजिन नवे आणि एक जुने ठेवले, की दोन प्रकारचे गिअरबॉक्स, दोन प्रकारचे फिल्टर आणि पाण्याच्या पंपातील दोन प्रकारचे इंपेलर (रबरी चक्रे) सांभाळावे लागतात. म्हणून दोन्ही बदलायचे ठरले.

मित्राच्या मनात प्रत्येकी ३०० अश्वशक्तीची इंजिने होती. जुनी १२० ची होती, तर नवी त्याहून मोठी हवीत, असे कोणालाही वाटते. मी त्याला बोटीच्या नोंदवहीतील डिझेलचे आकडे काढायला सांगितले. सात नॉट (तासाला सुमारे १३ किलोमीटर) वेगाने जाताना दोन्ही इंजिने मिळून तासाला सुमारे १२ लिटर डिझेल जाळत होती. एक लिटर डिझेलमधून डिझेल इंजिन ढोबळमानाने एका तासाला पाच अश्वशक्ती देते. म्हणजे बसवलेली शक्ती २४० असली, तरी या बोटीला प्रत्यक्षात ६० अश्वशक्ती, प्रत्येक इंजिनामागे ३०, एवढीच लागत होती. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मित्र बराच वेळ काही बोलला नाही.

याचे कारण बोटीच्या तळात आहे. पाण्याच्या रेषेवर सुमारे ४० फूट लांब असलेला, पाणी बाजूला सारत जाणारा तळ साडेआठ नॉटच्या आसपास स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकतो, आणि त्यापुढचा प्रत्येक नॉट फार महाग पडतो. ३०० अश्वशक्तीच्या इंजिनाला आयुष्यभर ३० अश्वशक्तीवर चालवले, तर ते कधी नीट तापत नाही, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, काजळी साचते आणि तेल जळू लागते. समोरून येणारा वारा आणि सामुद्रधुनीतील प्रवाह यांसाठी शक्ती राखून ठेवावीच लागते, पण प्रत्येकी शंभरच्या आसपासचे इंजिन त्यासाठी पुरेसे होते.

कॅटलॉगमधील अश्वशक्ती कोणत्या कामासाठी दिली आहे, हेही वाचले पाहिजे. कमिन्स या इंजिन कंपनीच्या हाय आउटपुट वर्गातील इंजिन आठ तासांपैकी एकच तास पूर्ण शक्तीवर चालवायचे असते आणि वर्षाला ५०० तासांच्या मर्यादेत वापरायचे असते. तेच लोखंड अखंड कामाच्या वर्गात कमी आकड्याने विकले जाते. खरेदीदार मोठा आकडा पाहतो आणि त्याखालची ओळ वाचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यानंतर प्रश्न आला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा. कॉमन रेल इंजिने, म्हणजे एकाच नळीतून सर्व सिलिंडरांना उच्च दाबाने डिझेल देणारी आणि संगणकाने नियंत्रित होणारी, शांत चालतात, धूर कमी करतात, वजनाला हलकी असतात, आणि यानमार या जपानी कंपनीची तशी इंजिने मी स्वतः कौतुकाने पाहिली आहेत. परंतु हजार बारच्या पुढे दाब असलेल्या त्या इंजेक्टरांना डिझेल अत्यंत स्वच्छ लागते, आणि या बोटीच्या टाक्या ४७ वर्षांच्या आहेत. मित्राला पूर्व मलेशियाच्या किनाऱ्याने, इंडोनेशियाच्या लहान बंदरांतून फिरायचे आहे. तिथे लॅपटॉप लावून दोष शोधणारा माणूस मिळेलच असे नाही. कोकणातील मच्छीमार आपल्या ट्रॉलरमध्ये ट्रकच्या कुळातली इंजिने का बसवतात, याचे कारण मला रत्नागिरीत लहानपणीच कळले होते : जो मिस्त्री ट्रक दुरुस्त करतो, तोच बोटही दुरुस्त करतो. म्हणून आम्ही कुबोटा या ट्रॅक्टर-इंजिन कंपनीच्या ब्लॉकवर बेतलेली, मेकॅनिकल पंपाची, मिनिटाला २६०० फेऱ्यांची, बीटा मरीन या कंपनीची १०५ वर्गातील इंजिने निवडली.

फेऱ्यांचा हा आकडा माझ्यासाठी निर्णायक होता. जुने इंजिन २५०० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देत असे आणि गिअरबॉक्स ती गती सुमारे अडीच पटीने उतरवत असे, त्यामुळे पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट ९७० च्या आसपास फिरे. ३२०० फेऱ्यांचे इंजिन घेतले असते, तर तीन पटींहून अधिक उतरवणारा गिअरबॉक्स तरी लागला असता, नाहीतर मोठ्या व्यासाचे जुने पंखे टाकून लहान पंखे घ्यावे लागले असते, आणि संथ बोटीला लहान वेगवान पंखा मानवत नाही. दोन पंखे विरुद्ध दिशांना फिरतात, म्हणून नवा गिअरबॉक्स दोन्ही दिशांना पूर्ण भार अखंड पेलतो, याची खात्री मी विक्रेत्याकडून लेखी घेतली.

पाया, एक्झॉस्टची नळी, हवेची झडप यांची कामे यार्डने नीट केली. नवी इंजिने हलकी असल्यामुळे बोट थोडी वर उचलली गेली, आणि बॅटऱ्या मागे सरकवून तोल साधावा लागला.

समुद्रावरील पहिल्या चाचणीत, टाक्या भरलेल्या असताना, पूर्ण थ्रॉटलला इंजिने २६०० ऐवजी २३५० वरच थांबली आणि मागे काळा धूर दिसला. हे अपेक्षित होते, कारण तेच पंखे आता कमी शक्तीने थोडे अधिक वेगाने फिरवायचे होते. पंख्याची पिच, म्हणजे एका फेरीत तो पाण्यात जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर, इंचभर कमी केली की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. दोन्ही पंखे काढून पिच दीड इंचाने कमी करायला दिले आहेत. पुढच्या भरतीला ते परत बसतील.