हायड्रोप्टिला: पोटॅशनं दोनदा फसवलं

मंडळी, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या व्हाळावर पकडलेले हायड्रोप्टिलासारखे नर (कॅडिस माशी नावाच्या पाणकिड्यांतले अगदी चिमुकले) आता सुयांखाली आलेत, आणि काम तिथंच अडलं. अडीच-तीन मिलिमीटरच्या किड्याच्या पोटातलं मांस काढून जननांग स्पष्ट दिसेल असं करायचं, एवढंच काम. पाचातले दोन नमुने वाया गेले. हात थरथरला म्हणून नाही, बाटलीमुळं.

पहिला नमुना जुन्या पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खताचं पोटॅश नव्हे) टाकला. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात १० ग्रॅम, छोटी कुपी गरम पाण्याच्या वाटीत. वीस मिनिटांनी पाहिलं तर पोट तसंच गढूळ. आणखी वीस मिनिटं दिली, तेच. बाटली पावसाळ्यात उघडलेली. पापुद्रे चिकट, कडेला पांढरी खपली. पोटॅश हवेतला ओलावा ओढतं आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट बनतं. कार्बोनेट स्नायू खात नाही. ओळखायला सोपं: एका पापुद्र्यावर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाका (चष्मा लावून, हातमोजे घालून). फसफसलं, बुडबुडे आले, तर बाटली गेली.

मग बेळगावातल्या एका दुकानातून नवी बाटली आणली. वेळ मात्र जुन्या सवयीनं तोच ठेवला, चाळीस मिनिटं. पोट काचेसारखं झालं, पातळ पडदे विरघळले, लिंगाभोवतीचा नाजूक काटा कुठं गेला ते सापडलंच नाही. नव्या पापुद्र्यांतही साधारण ८५ टक्केच पोटॅश असतं, बाकी बहुतेक पाणी. म्हणजे दहा ग्रॅममध्ये खरं साडेआठच, आणि तरी हा प्रताप. दुकानदार पुडीत बांधून देत असेल तर घेऊ नका. घट्ट झाकणाची प्लास्टिकची बाटली मागा.

आता उष्णता बंद. पोट रात्रभर साध्या तापमानाला, सकाळी बघायचं. घाई असेल तर कोमट पाण्यात पाच-पाच मिनिटं, दरवेळी भिंगाखाली तपासून. मांस सुटलं की डिस्टिल्ड पाण्यात दोनदा धुवा, मग व्हिनेगरचा एक थेंब घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं. हे टाळलं तर राहिलेलं पोटॅश पुढं नमुना ठेवायच्या ग्लिसरिनमध्येही हळूहळू खात राहतं.

तिसरा नर मात्र जमला! पायांवरचे काटे ०-२-४ (पुढच्या, मधल्या, मागच्या पायावर अनुक्रमे), म्हणजे हायड्रोप्टिला. डोक्यामागच्या टोप्या उचलल्या की खाली गंधग्रंथी, आणि लिंगाला गुंडाळलेला तो काटा पीळ दाखवत अखंड. चौथ्याचे काटे ०-३-४ आणि जननांग डावी-उजवीकडं सारखं नाही: ऑर्थोट्रिकिया, त्याच कुळातली दुसरी प्रजाती. दोन्ही नुसत्या पंखांवरून ‘एकच’ म्हणून एका कुपीत ठेवले होते. तेव्हा आता क्रम बदलला. आधी अल्कोहोलमध्येच भिंगाखाली चाळीस पट मोठे करून काटे मोजायचे, मग पोट काढायचं. पाय गळाले की मोजणी गेली. माद्या वेगळ्या कुपीत, त्यांच्यावर सध्या वेळ घालवायचा नाही.

हे लिहिताना सुचलं: पाचव्यावर पोटॅश वापरायचंच नाही. ८५ टक्के लॅक्टिक आम्लात गरम करून पाहायचं. ते पडदे इतके झोंबत नाही, जास्त वेळ राहिलं तरी नुकसान कमी. काम मात्र धीमं. म्हणून दर वीस मिनिटांनी पाहायचं.

हे किडे पकडायच्या दिव्याच्या सापळ्याबद्दल थोडंच: बारा व्होल्टची आठ वॅट यूव्ही नळी, पांढरी एनॅमलची थाळी, बोटभर ८० टक्के अल्कोहोल. डास मारायचे जांभळे एलईडी दिवे घेऊ नका, कॅडिस फार कमी येतात. पाऊस आला की अल्कोहोल पातळ होतं, थाळी झाका. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काही उचलायचं नाही; मालकाला विचारून पोफळीच्या बागेतल्या ओहोळावर लावा. लेबल पेन्सिलीनं, कुपीच्या आत. जेल पेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.

पुढं कणकुंबीकडच्या ओल्या खडकांवर टूथब्रश फिरवायचाय, अळ्यांसाठी. पहिल्या चार अवस्थांत अळीला घर (अंगाभोवतीचं कवच) नसतं, पाचवीत बांधते, म्हणून फक्त घरं शोधलीत तर लहान अळ्या ब्रशवरच राहतील.