मोरूमामांचा फळा

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर म्हटलं की लोक केंब्रिज, तिथले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल, पुण्यातली खगोलसंस्था आयुका असं बोलू लागतात. मला आधी आठवतात त्यांचे मोरूमामा. मोरेश्वर हुजूरबाजार एम.एस्सी. करायला बनारसला बहिणीच्या घरी राहिले होते. जयंतचे वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे घरात लिहायचे फळे होतेच! मामा फळ्यावर अवघड गणित लिहायचे, वर भाच्याला आव्हान, आणि मग गप्प. गणित सुटेपर्यंत, नाहीतर जयंत हात टेकेपर्यंत फळा पुसायचा नाही. (माझा मामा असता तर दुसऱ्या मिनिटाला उत्तर सांगून मोकळा झाला असता.)

पुढे नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल.

मी सातवीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या मागच्या फळ्यावर सध्या लिहिलंय: बारा वाजल्यानंतर घड्याळाचे काटे पुन्हा एकमेकांवर कधी येतात? काल एक पठ्ठ्या डबा अर्धवट टाकून मनगटावरच्या घड्याळाची चावी फिरवत बसला होता. बरेच जण ‘एक वाजून पाच मिनिटं’ सांगून गेले. नाही. पालकांनो, उत्तरासाठी मला व्हॉट्सअ‍ॅप करू नका.