सुजलेल्या पल्पमधली रिकामी पोकळी

दवाखान्यांतून अख्खा दात फॉर्मालिनच्या (ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत टाकून तपासणीला पाठवतात, याचा मला खरोखर राग येतो. मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून फॉर्मालिन आत पोचेपर्यंत पल्प, म्हणजे दाताच्या आतला मऊ गाभा, सडायला लागलेला असतो. २०१० मध्ये एका अभ्यासाने मानवी पल्पमध्ये लसिकावाहिन्या (ऊतीतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) नाहीतच असं म्हटलं. इतरांना त्या दिसल्या आहेत. हा वाद बराचसा ऊती हाताळण्यातून आला असावा, असं माझं मत.

परवाची खालची दाढ मात्र नीट आली. इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस, म्हणजे पल्पची बरी न होणारी सूज. काढल्याबरोबर पाण्याच्या धारेखाली डायमंड डिस्कने उभी खाच पाडलेली, पल्पला धक्का न लावता, मग छिन्नीने दोन फाका. पल्प १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये २४ तास. असं केलं की डेंटिन, म्हणजे पल्पभोवतीचा दाताचा कठीण थर, विरघळवावं लागत नाही. नाहीतर ईडीटीएत (कॅल्शियम हळूहळू काढणाऱ्या द्रावणात) कित्येक आठवडे जातात, आणि घाईने नायट्रिक आम्ल वापरलं तर अँटिजेन (मार्कर ज्यांना चिकटतात ती प्रथिनं) मार खातात.

४ मायक्रॉनचे लागोपाठ काप घेतले, एच अँड ई (नेहमीचा रंग), डी२-४० (लसिकावाहिन्यांच्या अस्तराचा मार्कर) आणि सीडी३१ (सगळ्याच वाहिन्यांच्या अस्तराचा मार्कर) साठी. कंट्रोलला, म्हणजे रंग नीट लागतो का हे पडताळायला, हिरडी. स्लाइड चार्ज केलेल्याच (काप घट्ट धरणाऱ्या) हव्यात, मार्कर लावण्याआधी सायट्रेट बफर तापला की पल्पचे विरळ काप सुटून तरंगतात.

किडीखाली न्यूट्रोफिल्सची (सुजेत धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची) दाटी होती. तिच्या कडेला पातळ भिंतीची, वेडीवाकडी, फुगलेली पोकळी. आत लाल पेशी एकही नाही, भिंतीला टेकलेली एक लिंफोसाइट (पांढरी पेशी) तेवढी. दोन्ही मार्कर तपकिरी उमटले. दात सरळ करताना काढलेल्या निरोगी उपदाढांत अशी पोकळी मला दिसत नाही.

सुजेत प्लाझ्मा झिरपतो, पण डेंटिनमुळे पल्पला फुगायला जागा नाही. तेवढ्याच भागातला दाब चढतो. लसिकावाहिनीची भिंत बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतीला बांधलेली असते. पाणी वाढलं की हे तंतू ताणले जातात आणि मिटलेली वाहिनी उघडते. मॅक्रोफेज (भक्षक पेशी) व्हीईजीएफ-सी हे वाढीचं प्रथिन सोडतात, त्याने नव्या वाहिन्याही फुटू शकतात. ही जुनी उघडलेली की नवी फुटलेली, हे एका स्लाइडवरून ठरत नाही.

मुळात ती लसिकावाहिनी आहे का, हेही पक्कं करायचंय. सुजेत फायब्रोब्लास्टही डी२-४० घेतात, लाइव्ह-१ हा लसिकावाहिन्यांचा दुसरा मार्कर मॅक्रोफेजांनाही लागतो. म्हणून त्याच ब्लॉकचे जास्तीचे काप प्रॉक्स-१ साठी, म्हणजे लसिकावाहिनीच्या पेशींच्या केंद्रकात असणाऱ्या प्रथिनासाठी, राखून ठेवलेत. भिंतीतल्या पेशींच्या केंद्रकांत ते उमटलं, तरच मी रिपोर्टात लसिकावाहिनी लिहीन.