कुरडया आणि रडार

आज गच्चीवरच्या कुरडया वाचल्या, माझी अब्रू मात्र अर्धीच.

दुपारपासून ठाण्यात अंगाची नुसती चिकचिक. चारला रडारचं चित्र उघडलं तर मुरबाडवर लाल डाग, आणि प्रत्येक नव्या चित्रात तो थोडा पश्चिमेला सरकलेला. वळीव बऱ्याचदा असाच येतो: सह्याद्रीकडे ढग उभा राहतो, वरचे पूर्वेचे वारे त्याला आपल्याकडे ढकलतात. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशाराही आला. मी आईला ऐटीत सांगितलं, "सहाला पाऊस. कुरडया उचल."

सव्वापाचलाच वारा आला. ढग अजून कल्याणपलीकडे होता, पण त्यातून कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरत पुढे धावते, ती आधी पोचते. (हे मला माहीत होतं. हिशेबात धरलं नाही, इतकंच.) येऊरचा डोंगर धुळीत दिसेनासा झाला. प्लास्टिकचा कागद कुरडयांसकट उडायला लागला, तशी आई चक्क त्यावर गुडघे टेकून बसली. १३ मे २०२४ची संध्याकाळ आठवून पोटात गोळा आला. घाटकोपरचं होर्डिंग पडलं तेव्हाही अशीच धूळ होती.

पाऊस? मोजून बारा थेंब. उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा खूप बदलत असली की ढग तासन्‌तास टिकतो. अमेरिकेत टोर्नेडोचा अंदाज बांधताना हे आवर्जून बघतात. आपल्याकडे वळवाचा ढग बहुतेकदा स्वतःच्याच पावसात विझतो. हे सगळं मी आईला समजावत होतो.

"मग सहाला काय येणार होतं?" कुरडईवरची धूळ फुंकत तिने विचारलं.